वर्लिन स्टकीचा कान

"मला ऐकू येत नाही असं नाही, तुम्ही जे बोलता ते ऐकण्याच्या लायकीचं नसतं," असं वर्लिन स्टकी एकदा म्हणाला होता. भर दुपारी, त्याच्या शेडमध्ये, चार माणसांसमोर. आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याच्या तोंडून निघणारी निम्मी वाक्यं अशीच असायची, त्यामुळे याच वाक्याकडे कुणी वेगळं लक्ष दिलं नाही. फक्त मर्नाने दिलं. मर्ना एके काळी त्याची बायको होती.

मिलर्स रन गावाच्या टोकाला, जिथे घरं संपून मका सुरू होतो, तिथे ती शेड आहे. वर्लिनचा बाप तिथे गावाचा मका वाळवायचा. बाप गेल्यावर वर्लिनने ते सगळं यंत्र उपटून मागच्या गवतात फेकलं, जमीन खणली आणि रोलर बसवले. गाडी त्यावर चढवली की ती जागेवर उभी राहूनच पूर्ण वेगाने पळते. त्याच्या पत्र्याच्या भिंतीला लागून माझं लेथ. मी सिलिंडर हेड घासतो, ब्लॉकला बोअर मारतो. त्या भिंतीतून मी त्याला वर्षानुवर्षं ऐकत आलो. इंजिनं आणि शिव्या, शिव्या आणि इंजिनं. इंजिनं बदलायची.

त्याचं काम एकच. टर्बो बसवलेल्या इंजिनात हवा दाबून कोंबतात. कोंबलेली हवा तापते. फार तापली की पेट्रोल ठिणगीसाठी थांबत नाही, सिलिंडरच्या एखाद्या कोपऱ्यात आपणच पेट घेतं, आणि आतल्या आत दोन आगी एकमेकींवर आदळतात. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे हलवल्यासारखा तो आवाज असतो, आणि ते खडे पिस्टन खातात. वर्लिन त्यावर पाणी मारायचा. निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल, एका लहान टाकीत. टर्बोचा दाब चढला की पंप चालू होतो आणि सुईच्या नेढ्याएवढ्या नॉझलमधून आत जाणाऱ्या हवेवर धुकं उडवतो. आग थंडावते. थंडावलेल्या आगीला ठिणगी जरा आधी देता येते, आणि जास्तीची ताकद तिथेच असते. पाणी कमी पडलं तर पिस्टन फुटतो. जास्त झालं तर इंजिन भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झाडत राहतं, पळत नाही. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद. वर्लिन तिथे राहायचा. दुसऱ्या माणसाला तिथे जागा नव्हती.

ती जागा तो कानाने शोधायचा. तांब्याची नळी, तिचं एक टोक हातोडीने चपटं करून इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने आवळलेलं. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी. आणि नळीच्या शेवटी बंदुकीच्या सरावाला लावतात तसला जाड हेडफोन. ना वायर, ना बॅटरी. गाडी रोलरवर पूर्ण दाबायची, ठिणगी एकेक अंश आधी सरकवत जायची, आणि ज्या अंशाला पहिला बारीक खडा वाजेल तिथून दोन अंश मागे यायचं. डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून तो ऐकायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एरवी तो बघवत नसे.

शेजारच्या गावातला किप लँडॉवर हेच काम ब्लॉकला सेन्सर लावून, लॅपटॉपवर करतो. बरं करतो. पण वर्लिनसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"त्या डब्याला पिस्टनचा खडखडाट आणि नॉकिंग यातला फरक कळत नाही," वर्लिन म्हणायचा. "उद्या किपची सासू जिना उतरली तरी त्याचा लॅपटॉप ठिणगीचं टायमिंग मागे घेईल."

हा कान त्याला कुठून मिळाला हे तो विचारल्याशिवाय सांगायचा नाही, आणि विचारलं तर अजिबातच सांगायचा नाही. मला मर्नाकडून कळलं. त्याचा चुलता लढाईत विमानांची इंजिनं सांभाळायचा. त्या इंजिनांतही पाणी मारायचे, उड्डाणाच्या वेळी ताकद हवी म्हणून. चुलत्याने लहानग्या वर्लिनला लाकडी दांडा इंजिनला टेकवून, दुसरं टोक दातांत धरून ऐकायला शिकवलं. पुढे वर्लिन पत्रे ठोकायच्या कारखान्यात लागला. मोठमोठे प्रेस, दिवसभर दणदण. कानात बोळे घालायचा नियम होता. वर्लिनने बोळे कधी घातले नाहीत. मशीन बिघडायच्या आधी सांगतं, आणि मला ते ऐकायचं असतं, असं तो मुकादमाला म्हणाला. मुकादमाशी भांडूनच तो बाहेर पडला, पण तोवर त्याची बरीच वर्षं त्या दणदणाटात गेली होती.

मर्नाशी त्याचं लग्न ड्रॅग स्ट्रिपवर जमलं आणि तिथेच मोडलं. आमच्याकडे उन्हाळ्यातले रविवार सॉल्ट लिकच्या पट्टीवर जातात. दोन गाड्या, सरळ रस्ता, हिरवा दिवा. मर्ना काउंटीच्या रस्ते खात्यात आहे. हिवाळ्यात बर्फ ढकलते, उन्हाळ्यात कडेचं गवत कापते आणि रविवारी तिची जुनी काळी सहा सिलिंडरची टर्बो पळवते. एकदा ती थोडक्यात हरली. हरली तर हरली. पण वर्लिन कठड्याला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिने पाय उचलला. घाबरली. मी ऐकलं."

"तू काय ऐकलंस?" मर्नाने गाडीतून उतरत विचारलं.

"पाय उचललेला."

"मग आता हे पण ऐक," म्हणून तिने अंगठी काढून त्याच्या पाण्याच्या टाकीत टाकली. लोक टाळ्या वाजवत होते. वर्लिनने नंतर टाकी उपसून अंगठी काढली. तिला परत नेऊन दिली नाही. अंगठीमुळे पंप अडकला असता, एवढंच म्हणाला.

पण गाडी मात्र तिने त्याच्याकडेच ठेवली. लोक विचारायचे तर म्हणायची, "नवरा बदलला तर घरचे लोक बोलतात. ट्यूनर बदलला तर पिस्टन बोलतो."

तो कुणाशीच धड वागला नाही. एका दंतवैद्याच्या गाडीची किल्ली त्याने मक्यात भिरकावली होती, कारण त्या माणसाने चुकीच्या माणसाला प्रश्न विचारला होता, म्हणजे मला. अग्निशमन दलाच्या मासे तळायच्या जेवणाला तो यायचा आणि मासे कच्चे आहेत म्हणून तळणाऱ्यांना ऐकवून, खाऊन जायचा. पत्त्यांच्या डावात भिडूला शिव्या द्यायचा. आम्ही त्याला सहन करायचो. मिलर्स रनमध्ये सहन करायला फारसं काही नाही. एक पाण्याचा टॉवर, एक बंद पडलेली शाळा आणि वर्लिन. शिवाय त्याचा कान होता. त्याने ट्यून केलेलं इंजिन फुटत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे. त्याच्या सगळ्या उद्धटपणाचं भाडं तो कान भरत होता.

तो कान जायला लागला.

मला पहिल्यांदा शंका आली ती रातकिड्यांमुळे. ऑगस्टमध्ये संध्याकाळी आमच्याकडे मक्यात इतके किडे ओरडतात की दोन माणसांना बोलायला जवळ उभं राहावं लागतं. वर्लिन शेडच्या दारात उभा होता. म्हणाला, "सगळे मारले. औषधं मारून मारून एक किडा शिल्लक ठेवला नाही या शेतकऱ्यांनी. ऐक. स्मशान."

मी ऐकलं. चारी बाजूंनी किडे ओरडत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि आत गेला.

त्यानंतर मी बघायला लागलो. किटलीची शिट्टी झाली तरी तो उठायचा नाही. गाडी मागे घेताना बीप-बीप वाजत असायची आणि तो मधेच उभा. गडगडाट, माणसांचे जाड आवाज, इंजिनची गर्जना हे सगळं त्याला नीट ऐकू यायचं. वरचं, बारीक, किरकिरं तेवढं गेलं होतं. आणि नॉकिंगचा पहिला खडा नेमका तिथेच वाजतो.

त्याला हे कळलं होतं. हे इथेच स्पष्ट सांगतो, कारण नंतर काही लोक म्हणाले की त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्याला पूर्ण पत्ता होता. हे बाहेर फुटलं की त्याच्याकडे एकही गाडी येणार नव्हती. आणि गाडी आली नाही तर त्याच्यासारख्या माणसाकडे दुसरं कोण आणि कशासाठी येणार?

वसंतात डेन्झिल मॅकरॉबर्ट्सचा पिस्टन फुटला. डेन्झिल डुकरं पाळतो. अंगाने दांडगा, मनाने हळवा. वर्लिनने ट्यून केलेल्या इंजिनाचा पिस्टन त्याआधी कधी फुटलेला मी पाहिला नव्हता. डेन्झिल तो पिस्टन फडक्यात गुंडाळून घेऊन आला, मेलेलं पिलू आणावं तसा.

"टाकी कोरडी ठेवलीस," वर्लिनने फडकं न उघडताच सांगितलं.

"टाकी निम्मी भरलेली होती, वर्लिन. शप्पथ."

"मग पाण्याऐवजी डुकराचं मूत भरलं असशील. माझ्या इंजिनात पाणी घालायची अक्कल नाही तर बग्गी घे, गाढवा. घोडा स्वतःचं स्वतः पितो."

आम्ही पाच-सहा जण होतो. डेन्झिलचे कान लाल झाले. तो पिस्टन घेऊन निघाला तो थेट किप लँडॉवरकडे गेला.

दुसऱ्याच आठवड्यात वर्लिन माझ्या लेथवर आला. हातात मूठभर नॉझलं होती. म्हणाला, "भोकं मोठी कर."

"किती?"

"एक नंबर मोठी. सगळी."

"सगळी? वर्लिन, इंजिनं बुडतील."

"लेथवाल्या, तुला भोक पाडायला सांगितलंय. मत पाडायला नाही."

मी भोकं मोठी केली. तो काय करत होता ते मला कळत होतं. पहिला खडा ऐकू येत नाही, म्हणजे कुठे थांबायचं ते कळत नाही. मग खडा कधी वाजणारच नाही एवढं पाणी ओतायचं आणि टायमिंग मागे ठेवायचं. इंजिन सुरक्षित. मेलेल्या माणसासारखं सुरक्षित. इतकी वर्षं ज्या अरुंद जागेत तो राहिला होता, तिथून तो निमूट मागे सरला आणि कुणाला दिसू नये म्हणून दार लावून घेतलं.

पण पट्टीवर ते दिसतंच. त्या उन्हाळ्यात वर्लिनच्या गाड्या हिरवा दिवा लागला की खोकायच्या. सॉल्ट लिकवर एक जुनी रीत आहे. हरणाऱ्याने आपल्या डब्यातलं पाणी नेऊन जिंकणाऱ्याची टाकी भरायची, सगळ्यांसमोर, गुडघा टेकून. त्या उन्हाळ्यात वर्लिनच्या गिऱ्हाइकांचे गुडघे मातीने भरले. किप लँडॉवर कठड्यावर बसून दाणे खात म्हणायचा, "वर्लिन आता इंजिनं ट्यून करत नाही. बाप्तिस्मा देतो." एकेक करून गिऱ्हाईक गेलं. जे राहिले ते भीतीने किंवा सवयीने राहिले. मर्ना कशाने राहिली हे मला सांगता येत नाही.

मोसमाची शेवटची शर्यत होती. मर्नासमोर नाव निघालं होतं डेन्झिलचं. नवा पिस्टन, नवा ट्यूनर. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मर्ना काळी गाडी घेऊन शेडवर आली. मी भिंतीतून तिचा आवाज ऐकला आणि लेथ बंद केलं. डेन्झिलही माझ्याकडेच होता, दुसऱ्या एका ब्लॉकचं बोअर बघायला आला होता. आम्ही दोघं बाहेर येऊन दारात उभे राहिलो. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

मर्नाने बॉनेट उघडून नॉझल काढलं होतं आणि ते उजेडात धरून बघत होती.

"हे काय आहे?"

"नॉझल," वर्लिन म्हणाला. "मघापासून तुझ्या हातात आहे."

"याच्यातून माझी मांजर जाईल, वर्लिन. माझं नॉझल कुठाय?"

"हेच तुझं."

"माझं यापेक्षा लहान होतं. उन्हाळाभर माझी गाडी ढेकर देतीये आणि मी म्हणतीये की पेट्रोल खराब, हवा दमट. तू मला पाण्यात बुडवतोयस."

"हवा दमटच होती."

"घटस्फोटाच्या दिवशीसुद्धा तू एवढं साधं खोटं बोलला नव्हतास." तिने खिशातून दुसरं नॉझल काढलं, जुनं, लहान. आधीच्या मापाचं ते जादा नॉझल तिने जपून ठेवलं होतं. "हे बसव. आणि आत्ता, इथे, माझ्यासमोर ट्यून कर. कानाने."

"नाही."

"का?"

"कारण मी ठरवतो. जमत नसेल तर किपकडे जा. तिथे लॅपटॉप आहे, कॉफी आहे, आणि तुझ्या वयाच्या बायकांना बसायला सोफा आहे."

डेन्झिल दारातून म्हणाला, "किपकडे सोफा नाही."

"तू इथे काय करतोयस?" वर्लिन ओरडला. "उद्या हिच्याशी शर्यत आहे ना? बघायला आलास कुठे दुखतंय ते?"

"मी बघायला आलो की माझी टाकी खरंच कोरडी होती का," डेन्झिल म्हणाला. तो जागचा हलला नाही. "वसंतापासून सगळा गाव मला गाढव म्हणतोय. माझा पोरगासुद्धा. तुला ऐकू येत असेल तर ऐक की. करून दाखव."

शेडमध्ये तेलाचा वास होता आणि पत्र्यावर ऊन तडतडत होतं. ते वर्लिनला ऐकू येत नसणार, असा विचार माझ्या मनात आला आणि मला तो नकोसा वाटला. नाही म्हणायची त्याची सोय संपली होती. नाही म्हणणं हेच उत्तर झालं असतं.

"चढव रोलरवर," तो म्हणाला.

मर्नाने लहान नॉझल स्वतःच्या हाताने बसवलं. वर्लिनने तांब्याची नळी ब्लॉकला आवळली, हेडफोन उचलला. तेव्हा मर्ना म्हणाली, "थांब." तिने हातातल्या पिशवीतून पितळेचा तीन तोंडांचा सांधा काढला आणि दुसरा एक हेडफोन. रबरी नळी मधे कापून तिने सांधा बसवला. आता एका इंजिनाला दोन माणसांचे कान जोडले होते.

"हे काय नाटक?" वर्लिन म्हणाला. "दोघांनी ऐकलं तर आवाज निम्मा होतो."

"तुला निम्मासुद्धा पुरतो, असं तू आपल्या लग्नात पाद्र्याला सांगितलं होतंस."

डेन्झिल हसला. मी हसलो नाही. मर्नाने मला गाडीत बसवलं आणि खिडकीतून आत वाकून हळू म्हणाली, "डॅशवरचं बटण टायमिंगचं. तो एक बोट वर करेल तेव्हा एक अंश पुढे. पंजा दाखवेल तेव्हा थांब. मी हात खाली टाकला तर काहीही असो, पाय उचल."

"मर्ना, इंजिन जाईल. तीन हिवाळे घातलेस तू यात."

"मला माहितीये कोणी घातलेत," ती म्हणाली.

ते दोघं गाडीसमोर उभे राहिले, कानावर हेडफोन, मधे रबरी नळीची दोन शिंगं. मी काचेतून दोघांचे चेहरे बघत होतो. मी पेडल दाबलं. रोलर घुमू लागले, टर्बोने श्वास ओढला, पंप लागला, शेड हादरली. वर्लिनने बोट वर केलं. एक अंश. पुन्हा दाबलं. बोट. पुन्हा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या वेळी त्याने डोळे मिटलेले नव्हते. तो मर्नाकडे बघत होता. तिच्या कपाळाकडे, तिच्या ओठांच्या कोपऱ्यांकडे. तिला ऐकू आलं की ते तिच्या चेहऱ्यावर उमटेल आणि तिथे आपण पंजा दाखवू, असं त्याने धरलं होतं. उन्हाळाभर तो असाच लोकांचे चेहरे वाचत जगला असावा. आणि मर्नाला ते कळलं. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाला. डोळे समोर, जबडा स्थिर, दगड. ती त्याला काही देणार नव्हती.

पुढच्या दाबाला मला पेडलखाली काहीतरी बारीक करकरल्यासारखं वाटलं. मी काचा वर करून घेतल्या होत्या, तरीही. मर्नाच्या हाताची बोटं जीन्सच्या शिवणीवर आवळली. चेहरा हलला नाही.

वर्लिनने बोट वर केलं.

मी क्षणभर थांबलो. त्याने पुन्हा जोरात बोट दाखवलं. मी बटण फिरवलं आणि दाबलं. आता ते खडे मला उघड ऐकू आले, गर्जनेच्या आत, डब्यात हलवल्यासारखे. दारात उभ्या असलेल्या डेन्झिलने मान वर केली. तरीही मर्नाचा हात खाली आला नाही. ती तिचं इंजिन फुटू देत होती, त्याला आणखी एक क्षण मिळावा म्हणून, की त्याची पुरती खात्री पटावी म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

वर्लिनने तिच्याकडे पाहिलं. आणि बोट वर केलं.

मर्नाने हात खाली टाकला. मी पाय उचलला. रोलर हळूहळू थांबले. सगळं शांत झालं, फक्त गरम लोखंड टिकटिकत होतं.

मर्नाने हेडफोन काढून बॉनेटच्या कडेवर ठेवला. तिचे केस घामाने कानाला चिकटले होते.

"काय?" डेन्झिलने विचारलं. "काय ऐकलंस?"

ती वर्लिनकडे बघत होती. तो तिच्याकडे.

"काही नाही," मर्ना म्हणाली. "साफ आहे. म्हाताऱ्याचं बरोबर होतं."

मी गाडीतून उतरत होतो, तो तसाच अर्धा आत अर्धा बाहेर राहिलो. इतक्या वर्षांत, लग्नात आणि लग्नानंतर, मर्ना त्याला चारचौघांत बरोबर म्हणाली नव्हती. ती बरोबर म्हणाली, म्हणजे काय झालं आहे ते वर्लिनला त्या क्षणी कळलं. त्याचा चेहरा मी बघितला. तिने त्याला गाडीखाली घातलं असतं तरी तो तसा झाला नसता.

"साफ?" डेन्झिल पुढे आला. "मला इथून ऐकू आलं, मर्ना! मला दारातून ऐकू आलं!"

"तुला तुझी डुकरं ऐकू आली असतील. जा घरी. उद्या बघू."

"मग प्लग काढा. ठिणगीचा प्लग काढून दाखवा. तो तरी खोटं बोलणार नाही."

"माझ्या गाडीचा प्लग काढायला सांगणारा तू कोण रे? निघ. निघ म्हणते ना!" ती त्याच्या अंगावर धावली. तो हलला नाही, नुसता म्हणत राहिला, प्लग काढा, प्लग काढा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

या सगळ्या गोंधळात वर्लिनने भिंतीवरचा पाना घेतला होता. हात भाजेल एवढ्या गरम इंजिनातून त्याने प्लग सोडवला, हातमोजा न घालता. मर्ना वळली आणि म्हणाली, "वर्लिन, राहू दे." ती पुन्हा म्हणाली, ओरडून म्हणाली, "वर्लिन, ठेव तो!"

त्याने प्लग दाराच्या उजेडात धरला आणि डोळ्याला भिंग लावलं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर जर काळे-चंदेरी बारीक ठिपके असले, मिरपूड उडवल्यासारखे, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. खडे पिस्टन खातात ते उष्टं तिथे उडून बसतं. ते बघायला कान लागत नाही.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने भिंग खाली ठेवलं. डेन्झिलचा हात धरला, तो मोठा, डुकरं धरणारा हात, उताणा केला, आणि तो गरम प्लग त्यात ठेवला. डेन्झिल ओरडला, पण त्याने प्लग खाली टाकला नाही. त्याने बघितलं. मर्नाने बघितलं. मी बघितलं. मिरपूड होती.

डेन्झिल काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मर्ना म्हणाली, "एक शब्द बोललास तर याच पान्याने तुझे दात पाडीन."

वर्लिनने पाना होता त्या खिळ्यावर परत अडकवला. कोट घेतला नाही. आम्हा तिघांच्या मधून, कुणाकडे न बघता, तो त्याच्याच शेडच्या दारातून बाहेर चालत गेला.